सरांनी अंगावर घेतलेलं वाक्य

दुबईत जबल अली बंदराच्या गोदामात कंटेनर उतरवून घेत होतो, तेव्हा मिरजेहून टिळेकर वहिनींचा फोन आला. ‘‘तुमचे सर गेले हो...’’ एवढंच त्यांना बोलता आलं. मागे फोर्कलिफ्टचा भोंगा चालूच होता. ‘‘बंद करो यार!’’ म्हणून मी ड्रायव्हरवर खेकसलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष! पण माझं असंच आहे. दुःख झालं की मला आधी राग येतो. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही.

टिळेकर सर शारजात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि एका भारतीय शाळेत अकरावी-बारावीला इतिहास शिकवायचे. एकोणिसाव्या शतकातली अमेरिका म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रेल्वे आली, पोलाद आलं, तेल आलं आणि बघता बघता देश मूठभर मालकांच्या हातात कसा गेला, हे ते आमच्याकडे चहाला आले तरी सांगत बसायचे. तिथल्या रेल्वे कंपन्या आमदारांना, न्यायाधीशांना, संपादकांना फुकट प्रवासाचे पास वाटायच्या. ‘‘लाच म्हणायची सोय नाही हो, नुसता पास! पण तो खिशात ठेवून कंपनीविरुद्ध मत कोण देणार?’’ असं म्हणून स्वतःच हसायचे. आणि ती कंपनीची गावं... घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, संप केला की बायकापोरांसकट रस्त्यावर. वर्गात ते मुलांना मालक, आमदार, कामगार बनवून भांडायला लावायचे. पोरं इंग्रजीत तावातावाने भांडायला लागली की सरांना कोण आनंद व्हायचा!

नव्वदच्या दशकातल्या अशाच एका तासाला कुणीतरी म्हणालं, त्या गावांत आणि आपल्या इथल्या लेबर कॅम्पात फरक काय? हे वाक्य सावंतशेठच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलं. शेठ मोठे कंत्राटदार. जबल अलीला त्यांच्या मजुरांना राहायचा कॅम्प होता. शाळेच्या कमिटीवर ते, आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्षही तेच. गणपतीला हॉल त्यांचा, बसगाड्या त्यांच्या, आणि आमच्यातल्या निम्म्यांना नोकऱ्या त्यांनीच लावलेल्या. त्यांची केतकी सरांच्या वर्गात होती. शुक्रवारी शेठनी सरांना घरी बोलावलं. गाडी मी चालवत होतो. वाटेत सर हळूच म्हणाले, ‘‘तुम्हाला म्हणून सांगतो, ते वाक्य केतकीचं आहे. घरी तिच्या तोंडून निघून गेलं आणि मग घाबरून तिने माझं नाव घेतलं.’’

‘‘मग सांगून मोकळे व्हा ना! तुमचा व्हिसा शाळेचा आहे. ऐन बारावीच्या तोंडावर मीराला घेऊन कुठे जाणार?’’ मीरा म्हणजे सरांची मुलगी, केतकीच्याच वर्गातली.

‘‘केतकीच्या थोरल्या बहिणीने एकदा शेठना उलट उत्तर दिलं होतं. तिची शाळा सोडवून तिला गावी धाडली...’’ सर म्हणाले.

शेठ आवाज न चढवता बोलणारे, त्यामुळेच मला त्यांची जास्त भीती वाटायची. ‘‘बसा सर. केतकी, यल्ला, चल, सरांना पाणी आण.’’ ती ट्रे घेऊन आली आणि तिथेच खिळली. ‘‘माणसांना मी जेवण देतो, बस देतो, घरी जायला तिकीट देतो. आणि माझ्याच पोरीच्या वर्गात मला अमेरिकेतला लुटारू ठरवता? कुणा पोराने म्हटलं असेल तर नाव सांगा. त्याच्या बापाशी मी बोलतो. तुमचा मॅटर खलास.’’ सुटकेचा दरवाजा सताड उघडा होता. केतकीचं नाव माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

‘‘मीच म्हणालो,’’ सर म्हणाले. ‘‘पोरांचा काय संबंध?’’

शेठ फक्त म्हणाले, ‘‘ठीक आहे. पाणी घ्या.’’ परत येताना मी गाडीत अक्षरशः ओरडलो, ‘‘स्वतःच्या मुलीचा विचार केलात का?’’ सर शांतपणे म्हणाले, ‘‘मीराला घरात बोलता येतं हो. त्या पोरीला येत नाही.’’

मार्चमध्ये शाळेने करार वाढवला नाही. व्हिसा रद्द झाला, सामान बांधलं गेलं. मंडळातलं एकही माणूस निरोपाला आलं नाही. सगळ्यांच्याच खिशात पास! मीराने बारावी मिरजेत रडतखडत केली. सरांनी कुणालाही, मंडळालासुद्धा, कधी दोष दिला नाही. मी देतो.

गेल्या आठवड्यात मिरजेला जाऊन आलो. सरांच्या खोलीत त्यांच्या खुर्चीसमोर आणखी एक खुर्ची आहे. येईल त्याने वाद घालायला. मीरा सांगत होती, केतकी भारतात आली की दर वेळी इथे येऊन बसायची. आता वडिलांचा धंदा तीच बघते. सर गेल्याचं कळल्यावर ती दुबईहून तडक आली, त्या खुर्चीत बसली आणि तिथूनच तिने घरी फोन लावला. ‘‘डॅडी, ते कॅम्पचं मी बोलले होते. सर नाही.’’ पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. ‘‘नो डॅडी. मीच.’’

‘‘फार लवकर कंठ फुटला!’’ मी फणकाऱ्याने म्हणालो.

‘‘काका, बाबा म्हणायचे, तिला घाई करू नका,’’ मीरा म्हणाली. मी त्या खुर्चीत बसलो. सरांशी कडकडून भांडायचं होतं... समोर कुणी नव्हतं.