नानकटाईची पोळी

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तूप वितळवलं. त्यात काय मोठं, असं कुणाला वाटेल. पण ज्यांनी आयुष्यात एकदा तरी नानकटाई केली आहे, त्यांनी इथेच कपाळावर हात मारला असेल.

तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. ओव्हन आमच्या ओळखीत कुणाकडेच नव्हता. पीठ घरी मळायचं, गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे आणि ट्रे बेकरीच्या भट्टीवर भाजायला न्यायचा. सासूबाईंनी मला थिजलेलं तूप परातीत तळहाताने फेसायला बसवलं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. पण मी पडले बी.एस्सी. झालेली सून! या बायकांना विज्ञान म्हणजे काय ते ठाऊकच नाही, अशी माझी खात्री. सासूबाई देवळात गेल्याबरोबर मी तूप पातेल्यात वितळवलं, पाच मिनिटांत पीठ कालवलं आणि ट्रे घेऊन ऐटीत निघाले.

भट्टीतून चोवीस नानकटायांऐवजी एक अखंड चादर बाहेर आली, बरोब्बर ट्रेच्या मापाची.

घरी सासूबाई काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "भट्टी फार तापली होती त्यांची." सासूबाई तशाच उठल्या आणि भट्टीवाल्या चाचांना चार शब्द सुनावून आल्या. चाचांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढच्या वर्षीपासून आमचे ट्रे दुसऱ्या बेकरीत जायला लागले. त्यानंतर मी नानकटाईला हात लावला नाही. वन्संनी, म्हणजे त्या दिवाळीला माहेरी आलेल्या माझ्या मोठ्या नणंदेने, मात्र दर भाऊबीजेला फराळाचं ताट बघून विचारायचं व्रत सोडलं नाही: "यंदा नानकटाईची पोळी नाही का गं?"

पन्नास वर्षं! व्रताचं उद्यापन तरी करावं माणसाने.

यंदा नातीने आमच्या बिबवेवाडीच्या ओट्यावर एक बोलका पडदा आणून ठेवला. "आजी, हात पिठाचे असले तरी चालतं. तू बोल, तो कृती दाखवतो, वेळ लावतो, आठवणपण करतो." दोन दिवस मी त्याला आदराने 'अहो, जरा ऐकता का' म्हणत होते. नात हसून लोळली. "आजी, अहो काय? ऑर्डर द्यायची!"

"अगं, आजवर ज्यांना अहो म्हणत आले, त्यांनाच ऑर्डर देत आले मी."

आतल्या खोलीतून 'हे' खोकले.

मग मी ठरवलं. भाऊबीजेला नानकटाई करायची, आणि वन्संनी पुन्हा पोळीचं नाव काढता कामा नये. वन्सं सहाला येणार होत्या. सकाळीच मी पडद्याला चारची आठवण लावायला सांगितली. आपण बोलायचं थांबत नाही तोवर ते यंत्र ऐकत राहतं, आणि मला थांबायची सवय नाही.

वन्सं आल्या साडेतीनला. पंच्याऐंशीव्या वर्षीही त्यांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकवायची घाई असते. ओट्याशेजारी खुर्ची ओढून त्या चहा प्यायला बसल्या. चार वाजले, आणि पडदा खणखणीत आवाजात बोलला:

"आठवण. तूप वितळवायचं नाही. चाचांची भट्टी चांगली होती, माती मीच खाल्ली."

वन्संचा कप बशीत टेकला. मी परातीत बघत राहिले. परात इतक्या बारकाईने मी कधीच बघितली नव्हती.

"फेस तूप," एवढंच त्या म्हणाल्या.

फेसलं. तळहात भरून आला तरी फेसलं. "पुढची कृती," मी म्हणायची, आणि पडदा पान उलटायचा. मैदा, बेसन, पिठीसाखर, वेलची. कोपरापर्यंत तूप, पण चष्मा शोधावा लागला नाही की वही उघडावी लागली नाही. ट्रे ओव्हनमध्ये गेला तशी मी हुकूम सोडला, "सोळा मिनिटं लाव."

पडद्यावर आकडे उतरायला लागले. वन्संनी निरखून बघितलं. "कृती तो सांगतो, वेळ तो मोजतो. मग तू नक्की काय करतेस?"

"तुमचं ऐकून घेते," मी म्हणाले.

घंटी वाजली. मी ट्रे बाहेर काढला आणि अक्षरशः नाचले, गुडघ्यांना न विचारता. चोवीसच्या चोवीस सुट्या! गोल, फुगलेल्या, माथ्यावर नाजूक भेगा पडलेल्या. चाचा असते तर पहिली त्यांच्या हातावर ठेवली असती. ते नव्हते, म्हणून ती वन्संना दिली.

त्यांनी ती तोंडात टाकली. विरघळली असणार, कारण लगेच त्यांनी दुसरी उचलली. मग तिसरी. बोटांवरचा भुगा झटकला आणि शांतपणे म्हणाल्या:

"ते तूप वितळवलेलं पातेलं मीच घासलं होतं गं. कधी कबूल करतेस, एवढीच वाट बघत होते. आता दहा बांध डब्यात, आणि झाकण घट्ट लाव."