काकूंच्या परसातले पतंग

शेजारच्या काकूंशी बोलताना त्यांचा एक कान कायम घरात असायचा. काकांचं अर्धं अंग लुळं पडलेलं, वाचाही गेलेली. काही लागलं की ते चमच्यानं लोखंडी कॉटचा दांडा वाजवायचे. तो आवाज ऐकू येईल तेवढंच लांब काकूंना जाता यायचं. म्हणजे परसदारापर्यंत. राहाता गावातला बाजारही त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

परसातच त्यांना पतंग सापडले. मोरीवरचा दिवा रात्रभर जळायचा. सकाळी भांडी घासायला आल्या की भिंतीवर ते बसलेले असत. काकू झाडूनं झटकून टाकत. एकदा वाळकं पान समजून झटकायला गेल्या, तर पान उडालं. तेव्हापासून ती भिंत झाडणं बंद झालं.

"हा कोन हाय, बघ बरं तुझ्या मोबाईलात," अशी हाक कुंपणावरून यायची. मी फोटो काढून पतंगांच्या जाणकारांच्या ग्रुपवर टाकायचे. कण्हेरीवरची एक जाडजूड हिरवी अळी त्यांनी बरणीत पाला घालून वाढवली. तिचा हिरव्या-गुलाबी नक्षीचा देखणा पतंग झाला. त्याचं इंग्रजी नाव कण्हेरीवरूनच पडलंय, असं मी सांगितलं.

"म्हंजी माहेरचं नाव लावलं," काकू म्हणाल्या आणि मनापासून हसल्या.

पुढे ग्रुपमधली मंडळी नेवाशाला जमणार होती. काकूंनाही बोलावणं आलं.

"तुम्ही जा. मी बसते काकांपाशी," मी म्हटलं.

त्या ठेवणीतलं लुगडं नेसून निघाल्या. त्या दिसेनाशा झाल्या तसा काकांनी चमचा वाजवायला सुरुवात केली. मी पाणी दिलं, त्यांनी तोंड फिरवलं. डोळे दाराकडे. थोड्या वेळानं दारात काकूच उभ्या. कोपऱ्यावरूनच परत फिरल्या होत्या.

"मी जाऊन काय उपेग?" चपला काढत त्या म्हणाल्या. "कान हितंच ऱ्हायला आसता." आणि काकांच्या तोंडाला भांडं लावलं. ते घटाघटा प्यायले.

गेल्या वर्षी मुलानं दोघांना पुण्याला नेलं, सातव्या मजल्यावर. परवा फोनवर मी विचारलं, "तिथं येतात का हो पतंग?"

"येत्यात की. पर खिडक्यांना डासांची जाळी हाय, ती निघत न्हाई. ते भाईरून येऊन बसत्यात."

"मग फोटो पाठवा ना. आपण नाव शोधू."

"काढला हुता," काकू म्हणाल्या. "आतनं निसतं पोट दिसतं गं. पंख तिकडल्या बाजूला. वळखावं कसं?"