तिसरं बोट

मी मुळातच भित्री. रक्तपेढीत वीस वर्षं काढली तरी भीती काही गेली नाही. सुईची नव्हे, हिमोग्लोबिनच्या त्या तळहाताएवढ्या मशीनवर उमटणाऱ्या आकड्याची.

गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत शिंदखेड्याकडची एक बाई धुळ्याला आमच्याकडे आली. लेकीचं दोन दिवसांनी ऑपरेशन होतं. लेकीचा रक्तगट निगेटिव्ह, आणि आमच्या फ्रिजमध्ये त्या गटाची एकच पिशवी. मायलेकींचा गट मात्र एक निघाला.

रक्त द्यायचं तर हिमोग्लोबिन साडेबारा हवं. वेचणीने तिची बोटं इतकी राठ झालेली की टोचूनही थेंब येईना. मी बोट पिळलं. आकडा आला ११.६. बोट पिळलं की रक्तात अंगातलं पाणी उतरतं आणि आकडा खाली दिसतो, हे मला पाठ होतं. म्हणून दुसरं बोट टोचलं. ११.९. आता खरं तर शिरेतून रक्त घेऊन मोठ्या मशीनवर तपासायचं. पण ते मशीन सरळ नाही म्हणेल, याचीच मला धास्ती.

"बठ्ठा बोटे टोची ले, बाई. पन मन्हं रगत ले," दहाही बोटं पुढे करत ती म्हणाली.

तिसऱ्या बोटाने १२.७ दिलं आणि मी तेवढंच लिहिलं. हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं, अशी माझी अक्कल.

पिशवी भरली. चहा पिऊन ती गेली. पिशवीसोबत घेतलेली तिच्या रक्ताच्या नमुन्याची नळी मी गुपचूप मोठ्या मशीनवर लावली. १०.४. बाई जिन्यात कोसळली तर? मी लेकीच्या वॉर्डाकडे पळत सुटले.

ती वॉर्डाबाहेर फरशीवर बसली होती. मला धावत येताना पाहिलं आणि भिंत धरून उठली. चेहरा पांढराफटक.

"मन्ही पोरले काय व्हयनं?"

"तिला काही नाही, अक्का. रक्त तुमचंच कमी आहे. मी घ्यायला नको होतं. चुकलं माझं."

ती मटकन खाली बसली. "इतलंच ना? मन्हा जीवच उडी गया व्हता." पदराने तोंड पुसून चक्क हसली. मग वॉर्डाच्या दाराकडे बघत हळूच विचारलं, "आजून रगत लागी का?"