वापरून झालेला इतिहास

आमच्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवायला लागलो तेव्हा ग्रंथालय स्टाफरूमपेक्षा लहान होते, आणि स्टाफरूममध्ये आम्ही पाळीपाळीने बसत असू. ग्रंथपालाचे पद मंजूर होते, पण त्यावर माणूस नव्हता. म्हणून किल्ली माझ्याकडे आली. "इतिहासवाल्यांना जुन्या वस्तू सांभाळायची सवय असते," असे प्राचार्य म्हणाले. त्यांच्या मते ही माझी स्तुती होती.

भिवंडीत कापडाचे लूम आहेत, ट्रक आहेत, पण पुस्तके नाहीत, असे बाहेरचे लोक समजतात. खरे तर देशातल्या विद्वत्तेचा मोठा हिस्सा आमच्याकडेच राहतो. अंजूरपासून कशेळीपर्यंत भाताची खाचरे बुजवून जी गोदामे उभी राहिली, त्यांत फ्रीज, चपला आणि साबणांच्या शेजारी विद्यापीठीय ग्रंथांचेही गठ्ठे असतात. इतिहास, राज्यशास्त्र, भौतिकशास्त्र, समाजशास्त्र, सगळे एकाच पत्र्याखाली. छापतात एकीकडे, वाचत असलेच तर वाचतात दुसरीकडे, आणि मधला मुक्काम भिवंडीत. कित्येक ग्रंथांचा हा मुक्काम कायमचा ठरतो. लेखकांना ते कुणी कळवत नाही, आणि तेही विचारत नाहीत.

मी लागून काही वर्षे झाली तेव्हा महाविद्यालयाने एम.ए. सुरू करण्याची परवानगी मागितली. इतिहास आणि राज्यशास्त्र, असे दोन विषय अर्जात होते. मनात इतिहासच होता, कारण विद्यार्थी इतिहासाला होते. राज्यशास्त्र जोडीला टाकले, कारण दोन मागितले की एक मिळतो हा शिक्षणक्षेत्रातला सर्वमान्य सिद्धांत आहे.

ज्यांना इतिहासच हवा होता, त्यांत सगळ्यात पुढे एक विद्यार्थिनी होती. अंजूरच्या बाजूच्या एका शेतकरी घरातली सून. तिने बी.ए. केले ते लग्नानंतर, मुलगा बालवाडीत जायला लागल्यावर. पहिल्या बाकावर बसायची. मी सनावळीत घोळ घातला की मान खाली घालून हसायची, पण चूक चारचौघांत सांगायची नाही, तास संपल्यावर सांगायची. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी ती पेढे घेऊन आली आणि थेट मुद्द्यावर आली.

"सर, एम.ए. इथं निघतंय का?"

"प्रयत्न चाललाय. पण तू ठाण्याला का नाही जात? खाडी ओलांडली की ठाणं."

"नकाशात, सर. कशेळीला ट्रॅफिक लागलं की ठाणं पुण्याइतकं लांब. मुलगा दोनला शाळेतून येतो. सासूबाई दोनपर्यंत त्याची वाट बघतात, त्यानंतर माझी बघायला लागतात. आणि त्यांनी वाट बघितलेली मला परवडत नाही."

"मग इथं नाही निघालं तर?"

"तर काही नाही. झालं तेवढं पुष्कळ," ती म्हणाली. हे वाक्य ती घरी कुणाच्या तरी तोंडून ऐकून आली होती, हे ऐकताक्षणीच कळत होते. तिचे स्वतःचे वाक्य असते तर तिने माझ्याकडे बघून म्हटले असते.

विद्यापीठाची समिती पाहणीला येणार असल्याचे पत्र आले आणि प्राचार्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना बोलावून घेतले. अध्यक्षांना आम्ही सगळे शेठ म्हणायचो. त्यांच्या वडिलोपार्जित शेतात आता गोदामांची रांग आहे. समिती ग्रंथालय बघेल, दोन्ही विषयांची पुस्तके भरपूर हवीत, असे प्राचार्यांनी त्यांना अदबीने सांगितले.

"बुका ना?" शेठ म्हणाले. "किती टेम्पो लागतील?"

ग्रंथालयाचा विचार कुणी टेम्पोत केलेला मी प्रथमच ऐकला. पण शेठ चेष्टा करत नव्हते. त्यांच्या एका गोदामाचा भाडेकरू विद्यापीठीय ग्रंथांचा वितरक होता. त्याच्याकडून चार दिवसांसाठी पुस्तके आणायची, समिती गेली की परत पाठवायची, असे त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवर ठरवूनही टाकले. अट एकच होती. माल जसा आला तसा फ्रेश परत गेला पाहिजे. प्रत्येक पुस्तक प्लास्टिकच्या आवरणात बंद होते, आणि ते आवरण शाबूत राहायला हवे होते.

"प्लास्टिक फोडला की माल आपला," शेठने आम्हा सगळ्यांना बजावले. "मग तो कुनी परत घ्येनार न्हाय."

पुस्तके आणायला मी टेम्पोबरोबर गेलो. गोदामाचा मॅनेजर उत्तरेकडचा, कामाला चोख. मी इतिहासाची यादी पुढे केली तर त्याने ती वाचलीसुद्धा नाही.

"हिस्ट्री तो चालू माल है, सर. कॉम्पिटिशन एग्जामवाले बच्चे ले जाते हैं. ऑर्डर आ गया तो मैं क्या दूँगा? पीछे से ले जाइए, डेड स्टॉक."

म्हणजे जे पुस्तक कुणाला हवे होते ते मिळणार नव्हते, आणि जे कुणालाच नको होते ते टेम्पो भरून मिळत होते. पाठीमागच्या अंधारात राज्यशास्त्राच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या. समाजशास्त्र त्याखालोखाल. थोडे भौतिकशास्त्रही चढवले गेले. आमच्याकडे विज्ञान शाखा नाही, असे मी सांगून पाहिले. "नहीं तो टेम्पो आधा खाली जाएगा," एवढेच तो म्हणाला.

हमालांनी पुस्तके कपाटांत भरली ती गोदामाच्या शिस्तीने. सगळी आडवी, जड खाली, हलकी वर, पाठी आत, कोपरे जुळवून. दिसायला फार नीटनेटके, फक्त एकाही पुस्तकाचे नाव दिसत नव्हते. समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. माझी विद्यार्थिनी मदतीला आली आणि आम्ही दोघे ती पुस्तके उभी करत बसलो. प्लास्टिकमुळे पुस्तके हातातून निसटत होती. ती प्रत्येक पुस्तकाची पाठ वाचून मगच ठेवायची, त्यामुळे काम रेंगाळत होते.

"सर, यांच्या पाठीवर इतकं कौतुक छापलंय, आत काय छापलं असेल?"

"ते कुणालाच माहीत नाही. म्हणून तर ही मिळाली."

"एक उघडून बघू?"

दारात उभे असलेले शेठ एकदम आत आले. "ताई, बघायचा त्यो फोटो बघ वरचा. आत हात लावू नको."

समिती तिघांची होती. समितीचे अध्यक्ष राज्यशास्त्राचे, दुसरे समाजशास्त्राचे, तिसरे भौतिकशास्त्राचे. फाटकापासून सभागृहापर्यंत तिघांचे तीनदा सत्कार झाले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. प्रत्येक वेळी 'मला हे आवडत नाही' असे म्हणून अध्यक्षांनी खांदा किंचित पुढे केला. प्राचार्यांनी तिघांचीही ग्रंथसंपदा वाचून दाखवली. ती फार मोठी होती, आणि त्यातली बरीच नावे मी आदल्या दिवशी हातांनी उभी केली होती, हे मला त्या क्षणी कळले.

खरे तर ते आधीच कळायला हवे होते. ज्यांचे ग्रंथ खपत नाहीत ते लोक कुठे तरी बसणारच, आणि समित्यांइतकी बसायला सोयीची जागा नाही.

ग्रंथालयात शिरल्यावर अध्यक्ष राज्यशास्त्राच्या कपाटापुढे थबकले. त्यांचा एकच ग्रंथ दोन फळ्या भरून होता. ते चष्मा काढून पुसायला लागले. पुसून झाल्यावरही ग्रंथ तेवढेच होते.

"एवढ्या प्रती?" ते हळूच म्हणाले.

"विद्यार्थ्यांची मागणी, सर," प्राचार्य म्हणाले.

"पण वेष्टन काढलेलं नाही?"

प्राचार्य शेठकडे बघायला लागले. शेठ पुढे सरसावले. "साहेब, हितं आजूबाजूला लूम हायत. कापसाची धूळ उडते. बुकांवर बसली की बुका खराब. म्हनून आम्ही झाकूनच ठेवतो. वाचायच्या टायमालाच काढतो."

"किती आस्था!" अध्यक्ष सहकाऱ्यांकडे वळून म्हणाले. "शहरातल्या मोठ्या ग्रंथालयांत सुद्धा हे दिसत नाही." इथवर सगळे ठीक चालले होते. मग त्यांनी खिशातून पेन काढले. "विद्यार्थ्यांसाठी स्वाक्षरी करून देतो," असे म्हणून त्यांनी एका प्रतीचे प्लास्टिक टरकन फाडले.

शेठच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. अध्यक्षांनी पहिल्या पानावर शुभेच्छा लिहिल्या, सही केली आणि दुसरी प्रत उचलली. समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी एवढ्यात स्वतःची फळी शोधून काढली होती. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना आपला ग्रंथ खालच्या कप्प्यात सापडला, तर ते गुडघ्यांवर बसून फाडायला लागले.

"सर, थांबवा यांना," शेठ माझ्या कानाशी पुटपुटले. "सगळा माल आपला होतोय."

"मी कसा थांबवू?"

"चाय पाजा."

चहा आला. अध्यक्षांनी कप डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने सह्या चालू ठेवल्या. फाटलेल्या प्लास्टिकचा ढीग पायांत सळसळत होता.

शेवटच्या फळीपाशी सह्या संपल्या तेव्हा अध्यक्षांना आठवले की अर्जात इतिहासही आहे. मी त्यांना कोपऱ्यातल्या कपाटाकडे नेले. तिथे आमचीच, महाविद्यालयाची जुनी पुस्तके होती. कणे मोडलेली, चिकटपट्टीने जोडलेली, समासात पेन्सिलीने लिहिलेली. माझी विद्यार्थिनी तिथे उभी होती. अध्यक्षांनी एक पुस्तक काढले तर दोन पाने जमिनीवर पडली. तिने वाकून ती उचलली आणि न बघता बरोबर जागी ठेवली.

"हे काय?" त्यांनी विचारले.

"वापरून झालीत, सर," मी म्हणालो. "मुलं रोज नेतात."

"तेच तर म्हणतोय. वापरून झाली तर संग्रह राहिला कुठे?"

तिने काही तरी बोलायला तोंड उघडले, पण प्राचार्यांनी तिच्याकडे असे पाहिले की तिने ते मिटले. समिती जेवायला गेली. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचे तिघांनीही कौतुक केले. त्यांनी मनापासून केलेले ते त्या दिवसातले पहिलेच कौतुक असावे.

निकालाचे पत्र आले. राज्यशास्त्राचा ग्रंथसंग्रह अनुकरणीय, सबब एम.ए. राज्यशास्त्रास परवानगी. इतिहासाचा संग्रह जीर्ण व अपुरा, सबब तूर्त नाही. शेठ खूश होते. सह्या केलेला माल गोदामाने परत घेतला नव्हता, तो संस्थेने ठेवून घेतला. "आपन पास झालो ना?" एवढेच त्यांनी मला विचारले. झालो, मी म्हणालो.

मी विद्यार्थिनीला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "उद्या येते." ती आली ती सासूला घेऊन. सासूबाई ठसठशीत बाई, नऊवारी, हातात मोबाइल. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"सर, ही काल जेवली न्हाय. काय बोललात तुमी तिला?"

"इतिहास नाही मिळाला, असं सांगितलं. राज्यशास्त्र मिळालंय."

"त्ये काय असतं? इलेक्शनचं?"

"साधारण."

"अगो, मग त्यासाठी शिकायचं कशाला? आमचे घरी रोजच हाय ते." त्या सुनेकडे वळल्या. "हितंच हाय ना पन? भिवंडीतच?"

"हो आई. पण मला ते शिकायचं नाही."

"मग घरी बस."

सून खाली बघत होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "घरी बसलीस तर माझे डोक्याला ताप. दिवसभर तोंड पाडून फिरशील. जे मिळालं त्यात घुस. आत गेल्यावर कोन बघतंय तू काय वाचतेस त्ये."

इतका नेमका शैक्षणिक सल्ला मी आमच्या स्टाफरूममध्ये कधी ऐकला नव्हता. तिने त्याच दिवशी प्रवेश घेतला.

सह्या केलेले ग्रंथ तिने खरोखर वाचले. एवढ्या प्रतींतली एक तरी कुणी वाचली, हे लेखकांच्या कानावर घालावे असे मला वाटले होते, पण तिचे मत ऐकल्यावर मी तो विचार सोडला. दुसऱ्या वर्षी प्रकल्प लिहायची वेळ आली तेव्हा तिने विषय निवडला खाडीकाठच्या शेतांची गोदामे कशी झाली हा. पहिले शेत कुणी दिले, रस्ता कधी झाला, कोणत्या निवडणुकीच्या आधी आणि कोणत्या नंतर. हा इतिहास आहे, मी म्हणालो. "निवडणूक आहे ना त्यात, सर," ती म्हणाली. मी शीर्षकात 'स्थानिक सत्ता आणि राजकीय प्रक्रिया' हे शब्द घातले, ते घातल्यावर कुणी हरकत घेत नाही.

माहिती सासूबाई सांगत, ती लिहून घेई. प्रत्येक शेताला नाव होते, आणि सासूबाईंना सगळी नावे पाठ होती. एखादे नाव तिने गाळले की त्या रागवत. "आमचं शेत होतं त्ये. लिव."

परीक्षक बाहेरचे होते. त्यांनी शेरा लिहिला, 'मांडणीत राज्यशास्त्र कमी, इतिहासच अधिक,' आणि त्यासाठी गुण कापले. मी तो शेरा वाचून दाखवला तेव्हा दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या. सुनेने कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः एकदा वाचला आणि तिला हसू आवरेना.

सासूबाई तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "काय म्हनतायत? चांगलं का वाईट?"

"चांगलं," मी म्हणालो.