आडनाव मोठ्यानं सांगायचं मंडळ

आमचं आडनाव मी इथे सांगत नाही. तुम्ही मराठी असाल तर आडनाव ऐकताच आमचं गाव, आमचा देव, आमची जात, सगळं ओळखाल आणि वरून म्हणाल, "आम्ही नाही बाई असलं काही मानत." रायपूरच्या हिंदीवाल्यांचं बरं असते. त्यायले मराठी आडनावातलं ढिम्म कळत नाही. त्यांच्यासाठी आम्ही सरसकट "मराठी लोग". तेवढ्या दोन शब्दांच्या आडोशानं आमचं बौद्ध कुटुंब शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये सुखानं राहून राहिलं होतं. घात केला तो मराठीवाल्यांनीच.

पोट्टी माझी आठ वर्षांची. मी मराठीत बोलली की ती हिंदीत उत्तर देते. तिची जीभ जरा वळावी म्हणून मी तिले एका मराठी मंडळाच्या रविवारच्या बालवर्गात टाकलं. तिथल्या बाई गोड. इतक्या गोड की मुंग्या लागाव्या. गॅदरिंगच्या नाटुकल्यात आरतीचं ताट धरायचं काम त्यांनी पोट्टीले दिलं, आणि यादी करताना विचारलं, "बाळा, आडनाव काय गं तुझं?" पोट्टीनं सांगितलं. पुढच्या रविवारी ताट दुसऱ्याच पोरीच्या हातात. मी विचारलं, काहून? तर बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्यात आरती नसते ना. म्हटलं, उगाच पोरीला अवघडल्यासारखं नको." वा रे काळजी! अशीच काळजी आमच्या सात पिढ्यांची घेतली लोकांनी. पाणी शेंदायचे कष्ट पडू नयेत म्हणून विहिरीजवळ येऊ देत नव्हते.

मी भांडून आली. मस्त भांडली, ते मले येते. पण घरी येऊन पाहते तर पोट्टी शाळेच्या वह्या मांडून बसली होती आणि एकेका वहीवरचं आडनाव पेनानं खोडून राहिली होती. "स्कूल में अभी किसी को पता नहीं है मम्मी," ती म्हणाली, "पता चलने से पहले हटा देती हूँ."

मले रडू आलं, मग राग आला. माझं रडू पाच मिनिटांचं असते, राग टिकाऊ. त्या रागात ओळखीच्या बौद्ध बाया जमवल्या आणि आमचं आई-मुलांचं मंडळ निघालं. पोट्टीले तिचं आडनाव परत मिळवून द्यायचं, एवढाच माझा मतलब होता. समाजकार्य वगैरे नंतर चिकटवलं.

माझं माहेर रायपूरले लागूनच असलेल्या बीरगांवचं. तिथल्या विहारात पहिली बैठक ठेवली. ठरलं की सगळ्यांनी पांढऱ्या साड्या नेसून यायचं. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी दिवसरात्र जिथे पडते, तिथे पांढरी साडी नेसून सतरंजीवर बसायची अक्कल आमचीच. तासाभरात अकरा आया मागून राखाडी झाल्या. आणि बैठक आयांची, तर स्टेजवर सहा बाप! विहार कमिटीचे काका, रेल्वेतून रिटायर झालेले, माईक धरून उभे. महिलांनी बोलतं झालं पाहिजे, या विषयावर काका पाऊण तास बोलले. मधात एकीनं तोंड उघडलं तर म्हणाले, "थांब बेटा, मी तेच तर सांगून राहिलो."

सोडवलं वहिनीनं. वहिनी म्हणजे माझ्या माहेरच्या शेजारची. नवरा सिलतऱ्यात ठेकेदाराकडे कामाले, ती स्वतः आलूगुंड्यांचा, म्हणजे तुमच्या बटाटेवड्यांचा, ठेला लावते. ती उठली आणि म्हणाली, "काका, तुमचं झालं असन तर स्टेज खाली करा. पोट्टे तिथे खेळतीन."

"आँ?"

"हव."

काका उतरले. त्यांच्यामागे बाकीचे पाचही उतरले.

मग अध्यक्ष कोण? शंकर नगरवाल्या आम्ही तिघी "मी नको बाई, मी नको" म्हणत पदर सावरून पुढे सरकलो. या "मी नको"चा अर्थ मराठी माणसाले सांगावा लागत नाही. तासभर कोणीच मागे हटेना. शेवटी अध्यक्ष कोणी नाही आणि अकराच्या अकरा उपाध्यक्ष, यावर समेट झाला. उपाध्यक्ष या नात्यानं मी भाषण ठोकलं. लाज सोडा, नाव लपवू नका, लेकरायले ताठ मानेनं जगाले शिकवा. काय टाळ्या पडल्या! मले माझंच कौतुक वाटलं.

वहिनीनं टाळी वाजवली नाही. म्हणाली, "भाषणानं पोट्टे सुधरत नाहीत. दर रविवारी जो पोट्टा आपलं पुरं नाव, आडनावासकट, मोठ्यानं सांगन, त्यालेच आलूगुंडा."

एकीनं सुचवलं, तेलकट कशाले, सफरचंद ठेवू. आता सांगा, सफरचंदासाठी कोणतं लेकरू घसा फोडते? आलूगुंडाच ठरला. पहिल्याच रविवारी विहार दणाणलं. एका पोट्टीनं आडनाव दोनदा सांगून दोन उचलले. माझीची पाळी आली. तिनं नुसतं नाव सांगितलं, आणि हात पुढे केला.

"पुरं," वहिनी म्हणाली.

पोट्टीनं परत तेवढंच सांगितलं. वहिनीनं आलूगुंड्याचा कागद मागे घेतला.

असे तीन रविवार गेले. तीनही वेळा पोट्टी कोपऱ्यात बसून दुसऱ्यायचं खाणं पाहत राहिली. शेवटी मी वहिनीले बाजूले घेऊन म्हटलं, "अवं, लेकरू आहे, देऊन टाक नं एक."

"तुले तिचं पोट भराचं आहे का तिचं नाव पाहिजे?" वहिनीनं विचारलं. मले राग तर असा आला होता, पण बाई खरं बोलून राहिली होती.

चौथ्या रविवारी वहिनीची पोट्टी खात खात सगळ्यांसमोर म्हणाली, "इसका तो सरनेम ही नहीं है."

"है!" माझी ओरडली. आणि मग तिनं नाव, बापाचं नाव आणि आडनाव असं काही फेकलं की बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसलेले काका दचकून आत आले. मी रडली. लपवलंही नाही. वहिनीनं गरम आलूगुंडा दिला, वर तळलेली मिरची. पोट्टीनं ती मिरचीसुद्धा खाल्ली.

घरी आलो. स्कूटर लावली, जिना चढलो, मी कुलुपाची किल्ली शोधत होती. पोट्टी दारासमोर थबकली. आमच्या दारावर पाटी आहे, सोनेरी अक्षरांची. तिच्यावर माझं नाव आणि नवऱ्याचं नाव.

"मम्मी, यहाँ से सरनेम किसने काटा?"

नवरा बाजारातून सामान घेऊन मागून येत होता. तो घाईनं म्हणाला, "काटा नहीं बेटा, जगह कम थी." जागा कम! दोन नावांच्या मधात वेलबुट्टी आहे, वेलबुट्टीवर दोन पोपट आहेत. पोपटायले जागा होती. आणि खरं सांगायचं तर पाटी मीच बनवून आणली होती. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मराठी आहेत. "नुसती नावं मॉडर्न दिसतात," असं मीच म्हटलं होतं, आणि नवऱ्यानं एका शब्दानं विचारलं नव्हतं, कारण त्याले कळलं होतं. भाषण ठोकणारी उपाध्यक्ष, आणि पोट्टीच्या आधी पेन चालवला तो मीच.

दुसऱ्या दिवशी पोट्टीले घेऊन पाटीवाल्याच्या दुकानात गेली.

"क्या लिखना है मैडम?"

मी सांगितलं.

"फिर से बोलिए?"

परत सांगितलं. शेजारी एक बाई फोनवर मराठीत बोलत उभी होती, आणि माझा आवाज माझ्याच कानापर्यंत आला नाही. दुकानदार पेन्सिल धरून थांबला. तेव्हा पोट्टी टाचा उंचावून काउंटरवर रेलली आणि आमच्या आडनावाचं एकेक अक्षर सुटं करून त्याले सांगू लागली. फोनवरच्या बाईनं मान वळवली. पोट्टीनं तिच्याकडे पाहिलं आणि शेवटचं अक्षर सांगितलं.

"और आगे नाम?" दुकानदारानं विचारलं.

"वो छोटा चलेगा," पोट्टी म्हणाली. "ये बड़ा लिखना."