गाडी दारात थांबली पाहिजे

नोनी लिहेनची आणि माझी ओळख रस्त्याच्या मधोमध झाली. मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या उत्तरेकडच्या चढावर बस चालवायचो आणि ती शाळेसमोर, काठीवरची गोल ‘थांबा’ पाटी हातात धरून, मुलांना रस्ता ओलांडून द्यायची. अंगात पोटऱ्यांपर्यंतचा पिवळा कोट, डोक्यावर टोपी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मुलं केव्हाच पलीकडे पोचलेली असायची, पण पाटी काही बाजूला व्हायची नाही. नोनीला मला काहीतरी सांगायचं असायचं आणि ते नेहमी कुठल्यातरी इमारतीबद्दल असायचं.

“डेनी, धक्क्यावरचं ते नवीन काचेचं ऑफिस बघितलंस? फ्रीजचं दार उघडं राहिल्यासारखं दिसतंय.”

“नोनी, बसमध्ये माणसं खोळंबलीत.”

“मग त्यांनाही विचार की! त्यांचंच गाव आहे ना?”

आणि बसमधली माणसं खिडक्यांतून माना बाहेर काढून खरंच उत्तरं द्यायची. मतं आमच्या गावात कुणालाच कमी नाहीत. फक्त आम्ही ती पबमध्ये, ग्लासासमोर मांडतो. नोनी ती ज्याची त्याच्या तोंडावर मांडायची.

पुढे लग्न करून मी कूपर्स रो या गल्लीत राहायला आलो, तर समोरचंच दार तिचं. म्हणजे दिवसा रस्त्यावर नोनी आणि संध्याकाळी घरी नोनी. आमची गल्ली तशी लहान. दोन्ही बाजूंना विटांची घरं, दारं थेट फुटपाथवर उघडणारी. खालच्या टोकाला नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, त्यामुळे गाडी यायची ती फक्त वरच्या रस्त्याकडून.

माझ्या वयाच्या माणसांना जुनं ते सगळं आवडतं, मीही त्यातलाच. धक्क्यावरची जुनी पिठाची गिरणी पाडायची ठरली, तेव्हा मी फलक घेऊन पावसात उभा होतो. नोनी समोरच्या फुटपाथवरून ओरडली, “तुझी मावशी त्याच गिरणीत खोकून खोकून गेली ना रे? आता भिंतीला मिठ्या कसल्या मारतोस?” असा राग आला मला! बरेच दिवस मी तिच्याशी बोललो नाही. पाटीसमोर बस थांबवायचो आणि सरळ समोर बघत बसायचो.

पण तीच नोनी, आमच्या कोपऱ्यावरचं पडकं घर वाचवायला एकटी उभी राहिली. वर्षानुवर्षं टेकू लावून ठेवलेलं ते घर. धुराड्यातून झुडूप वाढलेलं, खिडक्यांत कबुतरं. नगरपालिकेला तिथे गाड्या लावायची जागा करायची होती. मला वाटलं, चला, बाई सुधारली. तर म्हणाली, “जुनं आहे म्हणून नाही रे बाबा. नुसतं छप्पर घातलं तरी माणसं राहतील त्यात. आणि गाव घरासाठी तडफडतंय.” ती नगरपालिकेच्या इतकी मागे लागली की शेवटी छप्पर झालं. आता तिथे तीन कुटुंबं राहतात आणि त्यांच्या पोरांचा गोंगाट मला रोज ऐकू येतो.

चुकायचीही ती, आणि चांगली दणकून चुकायची. नदीकाठी दगडी चौक करायचा म्हणून तिनं गाव डोक्यावर घेतलं. चौक झाला. तिथे वारा असा येतो की हातातल्या चिप्ससुद्धा उडून जातात. नोनीनं एकदा तिथे बसून बघितलं, टोपी नदीत गेली तशी उठली आणि दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात मला थांबवून म्हणाली, “चुकलं माझं. तिथे वाराच बसतो, माणूस नाही.” असं सांगायला मी कधी कुणाला थांबवलेलं नाही.

तिचा नवरा मॉसी म्हणजे हिच्या अगदी उलट. गोदीत फिटर होता. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर खूप. मॉसीची आई वारली, त्या दिवसापासून खरं तर ही सगळी गोष्ट सुरू होते.

आमच्याकडे चर्चमधून दफनभूमीकडे जाताना मयताची काळी गाडी त्या माणसाच्या घरावरून नेतात आणि दारासमोर थांबवतात. घराचे पडदे ओढलेले असतात, शेजारी आपापल्या दारात उभे असतात. कुणी बोलत नाही. मिनिटभरच, पण तेवढं झालं की माणूस घराचा निरोप घेऊन गेला. तर मॉसीच्या आईची गाडी अशी दारात थांबली आणि मागून एक पार्सलवाली व्हॅन गल्लीत शिरली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. आधी एकदा, मग दाबूनच धरला. काळ्या गाडीवाला गडबडला आणि त्यानं गाडी पुढे घेतली. मॉसी टोपी हातात धरून तसाच उभा. दफनाहून परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, “आईला नीट थांबूही दिलं नाही.”

ते नोनीनं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी ती नगरपालिकेत हजर. कूपर्स रो गाड्यांना बंद झालीच पाहिजे.

मी विरोधात होतो. माझी गाडी मी डोक्यावर ठेवू का? बाकीची गल्लीही विरोधात होती. नोनी घरोघर फिरली, प्रत्येकाचा चहा प्यायली आणि प्रत्येकाशी भांडली. बर्नी कॉटर म्हणजे आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र. ती म्हणाली, “नोनीला सगळ्या गाड्या थांबवायच्यात. नोकरीत पोट भरत नाही वाटतं.” यावर नोनीसकट सगळे हसले.

शेवटी चर्चच्या सभागृहात बैठक झाली. नगरपालिकेकडून ग्रॉनिया नावाची तरुण आर्किटेक्ट नकाशे घेऊन आली. नोनीनं तिला आल्याआल्या सुनावलं, “पोरी, गाड्या अडवायला मला खांब नकोत. खांब बघितला की माणसाला गुन्हेगार असल्यासारखं वाटतं. काहीतरी जिवंत लाव.” ग्रॉनियानं गल्लीच्या तोंडाशी, बरोबर मधोमध, एक बर्चचं झाड काढलं आणि त्याभोवती गोल बाक. माणूस कडेनं जाईल, गाडी जाणार नाही. मग चर्चा झाली. आग लागली तर? बंबवाले म्हणाले, वरच्या रस्त्यावरून पाइप पुरतो. कचऱ्याचे डबे? कोळसा? म्हाताऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या? सगळ्याचा विचार झाला. मी हरलो आणि झाड लागलं.

आता कबूल करतो, गल्ली सुंदर झाली. पोरं बाहेर चेंडू खेळू लागली. बर्नी कॉटर स्वयंपाकघरातली खुर्ची दारात आणून बसू लागली. इतकी वर्षं इंजिनांच्या आवाजात बुडालेल्या चर्चच्या घंटा घरात ऐकू येऊ लागल्या. कुणी बघत नाही असं पाहून मीसुद्धा त्या बाकावर बसायचो. नोनीला अर्थात यातलं काही सांगितलं नाही.

मग मॉसीच्या फुप्फुसांनी हात टेकले. डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीशी त्याची खाट लावली. एका दुपारी मी त्याच्याजवळ बसलो होतो, नोनी चहा ओतत होती. मॉसी म्हणाला, “आईसारखी माझीही गाडी दारात थांबू दे. पण जरा नीट थांबू दे. एवढंच.”

नोनीचा हात थबकला. मी खिडकीबाहेर बघितलं. तिनंही बघितलं. गल्लीच्या तोंडाशी बर्चचं झाड वाऱ्यावर मजेत डुलत होतं.

लग्नाला एक वेळ चुकतील पण मयताला चुकणार नाहीत अशी आम्ही माणसं. भरल्या सभागृहात कचऱ्याच्या डब्यांवर तासभर भांडलो आणि एकालाही ती काळी गाडी आठवली नाही.

नोनी माझ्यामागून खाली आली. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, “डेनी, काय करू रे?”

आयुष्यात पहिल्यांदा नोनी लिहेनला मत नव्हतं. मला ते बघवेना.

बातमी बर्नीकडे पोचायला वेळ लागला नाही. दुकानात ती म्हणाली, “बघा, बाईनं स्वतःच्याच नवऱ्याची वाट अडवली.” नोनी मागेच उभी होती. पाव न घेताच ती निघून गेली. खरं सांगायचं तर नेमकं हेच वाक्य माझ्याही मनात येऊन गेलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर डोकंच फिरलं आणि मी बर्नीला नको नको ते बोललो. मग घरी जाऊन करवत काढली आणि झाडाशी उभ्या असलेल्या नोनीला म्हणालो, “तू फक्त हो म्हण.”

“ह्याला हात लावलास तर हात मोडीन तुझे,” ती म्हणाली. आणि मग त्या खोडाला धरून भर दुपारी रडली.

बातमी कळली तशी ग्रॉनिया धावत आली. म्हणाली, “मिसेस लिहेन, झाड हलवता येईल. पण बाक काढायचा, मुळं सोडवायची, परवानग्या घ्यायच्या… हिवाळा उजाडेल.”

“माझ्याकडे एवढा वेळ नाही गं.”

“माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“तुझ्या? सासू माझी होती, पोरी.”

शेवटी नोनी जिना चढून वर गेली. मॉसीला ती सगळं स्वतः सांगणार होती, आणि साक्षीदार म्हणून मला घेऊन गेली. खाटेशी उभी राहून म्हणाली, “मॉसी, गाडी दारात यायची नाही. माझ्या झाडामुळे.”

मॉसीनं खिडकीबाहेर बघितलं आणि हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. “मग उचलून आणा,” तो म्हणाला. “डेनीनं जन्मभर बसूनच कमावलंय. करू दे की जरा कष्ट.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत मॉसी गेला.

अंत्यविधीच्या दिवशी काळी गाडी वरच्या रस्त्यावर, झाडापाशी थांबली. रस्त्याच्या मधोमध ग्रॉनिया उभी होती. अंगात नोनीचा पिवळा कोट, हातात ‘थांबा’ची पाटी. नोनीनंच सकाळी ते सगळं तिच्या हातात दिलं होतं. “गाड्या तू थांबव,” म्हणाली होती. चढावरून बस आली, थांबली आणि माझ्या जुन्या सोबत्यानं इंजिन बंद केलं.

आम्ही शवपेटी खांद्यावर घेतली. मॉसीचं बोलणं आठवून मी दात आवळले. बाकाला वळसा घालून आम्ही गल्लीत शिरलो. लोक दारात उभे नव्हते. सगळी गल्ली रस्त्याच्या मधोमध उतरली होती, आणि आम्ही आलो तशी ती दोन्हीकडे सरकली. नोनीच्या दारासमोर स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांच्यावर आम्ही मॉसीला ठेवलं.

कुठेतरी पावलं वाजली, मग थांबली. बर्नी कॉटर आपली खुर्ची घेऊन आली, पेटीजवळ ठेवली आणि खाली मान घालून मागे गेली. नोनी त्या खुर्चीवर बसली आणि तिनं पेटीवर हात ठेवला.

मिनिट झालं. काळ्या गाडीवाल्यानं सवयीनं घड्याळात बघितलं आणि आम्हाला खूण केली.

“घाई कुणाला आहे?” नोनी म्हणाली. “मागून कोण भोंगा वाजवतंय?”

कुणीच वाजवत नव्हतं. बर्चची पानं तेवढी सळसळत होती. गाडीवाल्यानं टोपी काढली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

नोनी पेटीवर वाकली. “नीट थांबलास ना रे आता?” तिनं विचारलं, आणि ती उठेपर्यंत कूपर्स रोमधलं एकही माणूस हललं नाही.