शनाकाकांचं तीस मिली

पेटलादच्या मुलींच्या शाळेत रसायनाच्या प्रयोगशाळेचा कारभार एकोणीस वर्षं शना परमार यांच्या हातात होता. सगळ्या शाळेचे ते शनाकाका. गळ्यात तुळशीची कंठी, कांदा-लसूणही न खाणारा माणूस. कुलपातल्या स्पिरिटच्या कपाटाची किल्ली मात्र त्यांच्याच कमरेला.

जीवशास्त्राच्या नमुन्यांच्या बरण्यांसाठी काका दर सत्राला अर्धा लिटर स्पिरिटमध्ये अर्धा लिटर पाणी मिसळत. मिश्रण दरवेळी लिटरला थोडं कमीच भरे. आपलाच हात सांडतो असं समजून काका वरून गुपचूप पाणी घालत आणि लिटरची खूण गाठत. यंदा नवी वही आली. मोजाल तेच लिहा, असा हुकूम. काकांनी मोजलं आणि लिहिलं : नऊशे सत्तर मिली.

वही इंदुलाल शेठांच्या नजरेस पडली. शेठ शाळेचे विश्वस्त, तंबाखूचे व्यापारी.

"शना, तीस मिली कुठे गेलं?"

"ठाऊक नाही, शेठ. कमीच भरतं."

"कमी भरतं, की कुणाच्या पोटात भरतं?"

शेजारी उभा असलेला शाळेचा कारकून फिदीफिदी हसला. "काका, जरा 'हा' करा बघू. वास घेतो!"

शेठांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर तीस मिलीचा पत्ता लागला नाही तर किल्ली परत, नोकरीही गेली. नोकरीचं एक वेळ काकांनी सोसलं असतं. मंदिरात कुठल्या तोंडाने जायचं?

ते वही घेऊन दक्षाबेनकडे गेले. बेन अकरावी-बारावीला रसायन शिकवत.

"अहो काका, मला आधी नाही का विचारायचं?" बेननी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "पाण्याचा रेणू काठीसारखा सरळ नसतो, असा कोपरात वाकलेला असतो. असे रेणू एकमेकांना धरून उभे राहिले की मधे पोकळ जागा राहते. स्पिरिट आलं की धरायची तऱ्हा बदलते. सगळे दाटीवाटीने उभे राहतात, जागा कमी लागते. वजन करून बघा, तेवढंच भरेल. थेंबही जात नाही."

"म्हणजे माझा हात सांडत नव्हता?"

"कधीच नाही."

काका बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"मी सांगते शेठांना," बेन म्हणाल्या.

"नको, बेन. म्हणतील, पाठीशी घातलं. त्यांनाच ओतू द्या."

सोमवारी प्रयोगशाळेत, बेन आणि कारकुनासमोर, शेठांनी बाह्या सरसावल्या. काका टेबलापासून चार हात दूर, हात मागे बांधून उभे. शेठांनी पाचशे पाणी मोजलं, पाचशे स्पिरिट मोजलं, दोन्ही मापाच्या उंच नळीत ओतलं आणि दचकले.

"अरे, हे तापलं कसं?"

"निवू द्या, शेठ. मग वाचा," काका लांबूनच म्हणाले.

निवल्यावर शेठांनी चष्मा लावून वाचलं. काढला, पुसला, पुन्हा लावला. नऊशे सत्तर.

"दक्षाबेन, असंच होतं?"

"असंच होतं, शेठ."

शेठांनी घसा खाकरला. "ठीक आहे. पण शना, वहीत हजारच लिही. तपासणीवाल्यांना हे कोण समजावत बसणार?"

काकांनी वहीत नऊशे सत्तर लिहिलं आणि पेन शेठांपुढे धरलं.

"सही करा, शेठ. आजचं तुम्ही ओतलंय."

कारकून खिडकीबाहेर बघू लागला. शेठांनी सही केली.